गरम कपाटातल्या एकतीस बाटल्या

रविवार, २४ सप्टेंबर २००६. दुपार. घरात कुणी नाही.

लाल बटण आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबायची. दाबली. चाक फिरतंय.

मी द्रौपदी सुखदेव गांगुर्डे. वय पंच्याहत्तर, पासपोर्टात सत्तर. मुक्काम लंडनचं स्टॅनमोर, मुलगा विक्रांत आणि सून रेखा यांच्याकडे. लोक डायरी लिहितात, मी बोलते. अक्षर येत नाही. ते पुढच्या सोमवारपासून शिकायचं नक्की केलंय.

टेप ह्यांचा आहे. हे जाऊन अकरा वर्षं झाली, पण ह्यांच्या भाषणांच्या दहा कॅसेटी डब्यात अजून आहेत. त्यातली एक घेतली. तिची ही बाजू कोरी असणारच. खूण म्हणून लाल दोरा बांधलाय. कुणी ऐकायचं नाही, मी एकटीच ऐकणार.

काल सायप्रसहून आलो. विक्रांत-रेखाची वाइन टूर होती. मला घरी एकटीला ठेवायची त्यांना भीती, म्हणून सोबत नेलं. ट्रोडोसचा डोंगर, वर दगडी गाव, गावात एलेनीचं गेस्ट हाउस. एलेनी माझ्याच वयाची, काळ्या कपड्यांतली विधवा. तिच्या तळघरात माणूस उभा मावेल असे मातीचे रांजण, आणि त्यात वाइन. तिलाही अक्षर येत नाही. मी दोन मिनिटांत ओळखलं. पुतण्याने कागद पुढे केला तशी ती चष्मा शोधायला लागली. चष्मा डोक्यावर होता. मी पण असंच करते.

दगडी हौदात टुरिस्ट लोक द्राक्षं तुडवत होते आणि किंचाळत होते. एलेनीने हात धरून मला आत उतरवलं. मी निफाडकडच्या बागांमध्ये आठव्या वर्षापासून मजुरी केलीय. एक मणी तोंडात टाकला तर मुकादम जीभ बाहेर काढायला लावून बघायचा. इथे मालकीणबाई स्वतः माझ्या तोंडाशी घड धरून उभी. सगळ्यांनी माझे फोटो काढले. निघताना तिने खुणेने सांगितलं, पुढच्या सप्टेंबरला ये. मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

आता विक्रांतची अट. जुलैत पापड भाजताना आगीचे दोन बंब आले होते, तो विषय मी इथे काढत नाही. विक्रांत म्हणाला, आई, लास्ट चान्स. एक वर्ष घरात काही लफडा नाही झाला तर सप्टेंबरला परत सायप्रस, प्रॉमिस. झाला तर तू धम्मशीलाकडे बर्मिंगहॅमला, फॉर गुड. धम्मशीला माझी थोरली. ती जेवायला वाढते तेव्हासुद्धा व्याख्यान होतं. बापावर गेलीय.

ठराव. एक, वर्षभर लफडं नाही. दोन, इथे स्वतः वाइन करायची आणि पुढच्या वर्षी एलेनीपुढे ठेवायची. दोन्ही ठराव एकमेकांच्या आड येत नाहीत.

हे जन्मभर व्यसनमुक्तीवर बोलले, हे मला माहीत आहे. पण मी पिणार नाही, करणार आहे. पंचशीलातल्या पाचव्या शीलात करण्याबद्दल काही नाही.

मंगळवार, ३ ऑक्टोबर.

अक्षराचा सोमवार काल होता. काल द्राक्षं आणायची होती.

ट्रेनने वेम्बली पार्क, तिथून बस. ईलिंग रोडवरचा अतुलभाई म्हणाला, बा, पार्टी छे? मी म्हटलं, हो, मोठी. सकाळी व्हॅनने सहा खोकी टाकून गेला.

हौद नव्हता, म्हणून बाथ. बूच लावलं, नळाच्या दांडीला धरलं, उतरले. तासभर तुडवलं. मग खाली बघितलं. पांढऱ्या बाथमध्ये कुणाला तरी कापल्यासारखं. भिंतीवर शिंतोडे. माझे पाय घोट्याच्या वरपर्यंत काळेजांभळे.

तेवढ्यात पोस्टमनने बेल वाजवली. मी तशीच गेले. त्याने पाय बघितले, कार्पेटवरचे ठसे बघितले, आणि पार्सल हिरवळीवर ठेवून निघून गेला. सहीसुद्धा घेतली नाही. माझी सही म्हणजे फुलीच, पण विचारायला काय जातं.

रेखाला सांगितलं, बीटरूटची ट्रीटमेंट आहे, टाचांसाठी. रेखा कौन्सिलमध्ये लोकांच्या तक्रारी बघते. तिला काही सांगितलं की ती क्षणभर गप्प राहते. त्या गप्प राहण्याची मला भीती वाटत नाही.

मंगळवार, १० ऑक्टोबर.

माल गॅरेजमध्ये आहे. लोणच्याच्या तीन बरण्या आणि दोन मोठे प्लास्टिकचे डबे. रटरटतंय. चूल नाही, जाळ नाही, तरी उकळतंय. काल कान लावला तर आत कुणीतरी जोरजोरात पुटपुटत होतं.

एलेनीच्या रांजणांतही असंच होतं. मी तिथे मदत म्हणून एका रांजणाचं फडकं घट्ट बांधलं, तर तिने सोडलं. मी परत बांधलं, तिने परत सोडलं. मग गाल फुगवले, दोन्ही हात हवेत उडवले आणि तोंडाने मोठ्ठा फूः केला. तीनदा. डोळे वटारून. मी इतकी हसले. या वयात एवढी खेळकर बाई मी पाहिली नाही.

मंगळवार, २१ नोव्हेंबर. गॅरेजमध्ये श्वासाची वाफ दिसते.

पुटपुटणं बंद. थंडी पडली तशी बरण्या एकदम गार आणि गप्प झाल्या. म्हणजे वाइन झाली. एवढंच असतं का ते? एलेनीचा टूरवाला पुतण्या उगाच दोन तास बोलत होता.

दुसरी गोष्ट. आज जुनं ऐकावं म्हणून टेप लावला. माझं बोलणं संपलं, खर्र झालं, आणि ह्यांचा आवाज आला. अर्ध्या वाक्यातून. म्हणाले, “...आणि मग बंधूंनो, ती बाटली घरातल्या सगळ्यात लपलेल्या कोपऱ्यात जाते.”

हातातली वाटी पडली.

तर बाजू कोरी नव्हती. व्यसनमुक्तीचं भाषण आहे, मी वरून बोलतेय आणि ते पुसलं जातंय. आधी वाईट वाटलं. मग वाटलं, हे दहाही कॅसेटींमध्ये तेच बोललेत. एक गेली तर नऊ आहेत. शिवाय संसारात चाळीस वर्षं हे माझ्या बोलण्यावर बोलले. आता माझी पाळी.

मंगळवार, १३ फेब्रुवारी २००७.

गेल्या आठवड्यात बर्फ पडलं. आज सगळे कामावर. चव घेतली. चव घेणं म्हणजे पिणं नव्हे. आंबट! जीभ टाळूला चिकटली. त्यावर उपाय माझ्याकडे आहे, तो एलेनीकडे नाही. गूळ. दोन भेल्या किसून घातल्या, ढवळलं. आता गोडाला लागतेय.

लगेच बाटल्या भरल्या. बाटल्या गल्लीतल्या शेजाऱ्यांच्या हिरव्या रिसायकलिंग खोक्यांतल्या. इथले लोक किती पितात ते मला आता घरागणिक ठाऊक आहे. बुचं अतुलभाईने दिली.

भरण्यात माझा हात कुणी धरू नये. लोणच्याचा नियम एकच, हवा लागता कामा नये. काठोकाठ भरायचं. बूच लाटण्याने ठोकायचं. वर मेण, मेणावर फडकं, फडक्यावर सुतळीचे सात वेढे. पन्नास वर्षांत माझं लोणचं एकदाही बिघडलेलं नाही. एकूण एकतीस बाटल्या झाल्या.

लोणच्याला ऊनही लागतं, तरच मुरतं. स्टॅनमोरला ऊन कुठलं? पण वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट आहे, रेखा त्यात टॉवेल उबवते. टाकीमागे कुणी हात घालत नाही. रजयांच्या आड एकतीसही बसल्या, टाकीला पाठ लावून.

एलेनीने मला शिकवलं नाही तेही मी केलं. सप्टेंबरला तिचं तोंड बघायचंय.

मंगळवार, ६ मार्च.

कपाट बोलतं.

आधी वाटलं पाइप आहेत. पण पाइप पाणी तापवताना वाजतात. हे दुपारी वाजतं, घर रिकामं असताना. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक् टक्. मग बारीक सुसकारा, जसा हे माझा स्वयंपाक चाखण्याआधी सोडायचे.

कपाटासमोरच्या भिंतीवर ह्यांचा फोटो आहे, हार घातलेला. तो रोज थोडा वाकडा होतो. मी रोज सरळ करते. आज मी स्पष्ट बोलले. म्हटलं, अहो, तुम्हाला पटत नाही हे कळलं. पण तुम्ही चाळीस वर्षं लोकांना सांगत फिरलात, कुणी ऐकलं? मग मीच का ऐकू? आतून सुसकारा आला.

शेजारची मांजर जिन्यापर्यंत येते, वर बघते आणि उलट्या पावली जाते. मांजरांना काही कळत नाही.

शुक्रवार, २३ मार्च.

जेवणाच्या खोलीच्या छताला डाग आलाय. बरोबर टाकीच्या खाली. बुधवारी बटणाएवढा होता, आज बशीएवढा. तांबूस, कडेला काळपट. रेखा खुर्चीवर चढून वास घ्यायला लागली. म्हणाली, आई, तुम्हाला स्वीट वास येतोय का? मी म्हटलं, जुन्या घरांना येतो. ती म्हणाली, हे घर नाइन्टीन एटीफोरचं आहे. मी म्हटलं, तेच म्हणतेय.

प्लंबरला फोन केलाय. तो ईस्टरनंतर येणार, सोळा एप्रिलला. म्हणजे भरपूर वेळ आहे. तोपर्यंत बाटल्या हलवायच्या. सोमवारी हलवते. अक्षरही सोमवारीच सुरू करायचंय, दोन्ही एका दमात होईल.

रविवार, १ एप्रिल.

धम्मशीलाचा फोन. भीमजयंतीला, म्हणजे चौदाला, बर्मिंगहॅमची मंडळी लंडनच्या कार्यक्रमाला येणार, आणि तिथून जेवायला आमच्याकडे. तिच्या बाबांच्या आठवणीसाठी कमलाकरभाऊ दोन शब्द बोलणार. कमलाकरभाऊ ह्यांच्या फाउंड्रीतले सोबती, आता ऐंशीचे. विषय काय, विचारलं. म्हणाली, आई, दुसरा कुठला असणार? व्यसनमुक्ती.

पंचवीस माणसं. जेवणाच्या खोलीत. डागाखाली.

आणि शेवटी ती म्हणाली, विक्रांतने मला सांगितलंय सगळं. माझ्याकडची खोली मी रिकामीच ठेवलीय, वेळ आली तर. मी म्हटलं, भाड्याने दे.

शुक्रवार, १३ एप्रिल. सकाळ.

आज हलवायच्याच म्हणून गेले. रजई बाजूला केली.

बुचं वर आलीत. सगळी. माना उंच करून माझ्याकडे बघतायत. सुतळी ताणलीय, मेणाला भेगा आहेत, एकीच्या गळ्याशी गुलाबी फेस आहे. टाकीमागे इतकी गरम हवा की डोळ्यांत पाणी आलं. मी एकीला हात लावला तर ती थरथरत होती.

रजई हळूच परत लावली. दार पण हळू लावलं, झोपलेल्या बाळाच्या खोलीचं लावतात तसं.

शिवाय आज गुडघा धरलाय. उद्या पाहुणे गेले की हलवते. दोन महिने टिकलं, एक दिवस टिकणार नाही?

रविवार, १५ एप्रिल.

टिकलं असतं. कमलाकरभाऊ वेळेत थांबले असते तर.

वंदना झाली, जेवणं झाली, सगळे खाली बसलेले. डागावर मी आदल्या दिवशी निळ्या कागदाची झालर लावली होती, शोभेसाठी. भाऊ दहा मिनिटं म्हणाले होते, चाळीस झाली. मी मध्ये दोनदा चहा ठेवू का विचारलं. भाऊ म्हणाले, वहिनी, सुखदेवरावांचा विषय आहे, चहा थांबेल. आणि हात वर करून म्हणाले, हे विष आपल्या घरावर कधी कोसळेल हे कुणाला—

तेव्हा झालं.

आवाज असा की खिडक्या हलल्या. छताचा एक तुकडा आणि निळी झालर भाऊंच्या पांढऱ्या सदऱ्यावर, पाठोपाठ लाल धार. कुणीतरी ओरडलं, बॉम्ब! पंचवीस माणसं अर्ध्या मिनिटात रस्त्यावर. समोरच्या बाईने पोलिसांना फोन केला. हल्ली इकडे आवाज झाला की लोक आधी फोन करतात, मग बघतात. भाऊंना बघून पोलीसही पांढरा पडला. भाऊ म्हणत होते, आय अ‍ॅम नॉट वूंडेड. दाढीवरून ठिबकत होतं.

मी मात्र आतच होते. गुडघ्याचं काय झालं होतं कोण जाणे, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. एकच फुटली होती. काचा टॉवेलात गुंडाळल्या, गादीखाली सारल्या, तीस जणींवर रजया टाकल्या. विक्रांत वर आला तेव्हा मी तयार होते. म्हटलं, कोकमाचं आगळ होतं रे एक बाटली. उबेला ठेवलं होतं.

विक्रांतने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, आई, कोकम? कोकम असा फुटतो? मी म्हटलं, रत्नागिरीचं होतं.

तो जिन्यावर बसला, डोकं धरून. मग म्हणाला, ओके. दिस इज हाफ. अर्धा लफडा. अजून अर्धा झाला की संपलं.

म्हणजे सप्टेंबर शाबूत आहे. रेखाने भिंतीवरचा एक थेंब बोटाने टिपून जिभेला लावला, आणि गप्प राहिली.

प्लंबर उद्या येणार. त्याच्या आधी, घर रिकामं झालं की हलवणार. आता अर्ध्यावर आलंय.

मंगळवार, २२ मे.

हलवल्या. त्याच दिवशी, सोळा एप्रिलला, चार-चार करून, कपडे वाळत घालायच्या टोपलीतून, बागेच्या टोकाच्या शेडमध्ये. वरून ह्यांची जुनी फाउंड्रीची घोंगडी. तिथून घर लांब आहे. प्लंबरला टाकीत काही सापडलं नाही, त्यावर तो फार वेळ विचार करत उभा होता.

तिकिटं काढली! पंधरा सप्टेंबर, शनिवार. विक्रांतने कागद दाखवला, माझं नाव कुठे ते बोटाने दाखवलं. मी चष्मा शोधला. डोक्यावर होता. मग मी त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. द्रौपदी. बरीच लांब आहे.

एलेनीला सांगायला विक्रांतने फोन लावून दिला. दोघींना एकमेकींचं कळत नाही. ती तिकडे हसली, मी इकडे. मग मी वाइन, वाइन म्हटलं आणि बूच ठोकावं तसं टेबल ठोकलं. तिचं हसू थांबलं आणि ती जोरजोरात फूः, फूः करायला लागली. तिला अजून तो खेळ आठवतो.

मंगळवार, १७ जुलै. पाऊस, पाऊस, मध्येच दमट ऊन.

शेडमधून एकेक जातायत. मी आवाज मोजते. आता अकरा उरल्यात. बहुतेक दुपारी जातात, मी चहा घेत असताना. कप बशीवर नाचतो. घोंगडी भिजून जड झालीय आणि मध्येच उचलली जाते, आत कुणी कुशीवर वळल्यासारखी. मी आता शेडपर्यंत जात नाही. खिडकीतून बघते.

गल्लीत सगळ्यांच्या दारात एक कागद आलाय. मी त्यावर मिरच्या वाळत घातल्या. रेखाने मिरच्या बाजूला करून वाचला. कुणीतरी कोल्ह्यांवर गोळ्या झाडतंय, पोलिसांना कळवा. रेखाने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. तिने शेडकडे बघितलं. मग मला विचारलं, आई, तुम्हाला सायप्रसला खरंच जायचंय ना? मी म्हटलं, म्हणजे काय! ती म्हणाली, मग ठीक आहे. आणि त्या दिवसापासून ती शेडमधली कात्री मागायची बंद झालीय. ती बाग कापतच नाही. गवत गुडघ्याएवढं वाढलंय.

सून कळायला बारा वर्षं लागली.

अक्षर सायप्रसहून आल्यावर. आता डोक्यात जागा नाही.

शुक्रवार, १७ ऑगस्ट. घाईत.

एक उरलीय. ती कुठे आहे ते मी टेपलाही सांगणार नाही.

धम्मशीला आलीय, खाली विक्रांतशी बोलतेय. रविवारी बर्मिंगहॅमच्या विहारात ह्यांचा स्मृतिदिन. दरवर्षी भन्तेजींच्या वंदनेनंतर कुणीतरी बोलतं. यंदा तिला सुचलंय, बाबांचाच आवाज लावायचा. कॅसेटींचा डबा न्यायला आलीय.

घाबरायचं कारण नाही. माझी लपवली असती, पण मग नऊच भरतील, आणि धम्मशीला मोजते. म्हणून दोरा सोडून डब्यात तळाशी ठेवतेय. दहात एक. माझीच कशी निघेल? प्रत्येकीवर तिने कागद चिकटवलाय, काय काय लिहून. माझ्यावरही आहे. काय लिहिलंय कुणास ठाऊक. त्याने काय फरक पडतो?

एक महिना राहिला. अर्ध्या लफड्याच्या वर काही झालेलं नाही. मी जिंकले म्हणायला हरकत नाही.

जिन्यावर पावलं. बंद.

गुरुवार, २३ ऑगस्ट. बर्मिंगहॅम.

धम्मशीलाने कॅसेट माझ्या मांडीवर टाकली. म्हणाली, घे तुझी डायरी.

लेबलवर लिहिलं होतं, बाबा, व्यसनमुक्ती, सगळ्यात चांगलं भाषण. म्हणून तिने तीच काढली. बाकीच्या नऊंकडे बघितलंसुद्धा नाही.

विहारात साठ माणसं. सगळे हात जोडून. धम्मशीलाने बटण दाबलं आणि जेवणाचं बघायला मागच्या किचनमध्ये गेली. खर्र. मग माझा आवाज. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं.

मला वाटलं आता कुणीतरी उठेल. पण स्मरणाचं भाषण चालू असताना विहारात कुणी उठत नाही. भन्तेजी डोळे मिटून, त्यांना मराठी येत नाही. सगळे त्यांच्याकडे बघून बसून राहिले. जवळजवळ अर्धा तास. बाथ ऐकली. पोस्टमन ऐकला. कोकम ऐकलं, तेव्हा विक्रांतने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि परत समोर बघितलं. पाचव्या शीलाबद्दल मी काय बोलले ते ऐकलं. कमलाकरभाऊ पहिल्या रांगेत होते, हात जोडलेलेच, खांदे हलत होते. रडत असावेत. रेखाने माझा हात धरला होता. घामाने दोघींचे भिजले.

मग माझा आवाज संपला आणि ह्यांचं उरलेलं आलं. चार मिनिटं. बंधू-भगिनींनो, समाज, शिक्षण, नेहमीचं. आणि अगदी शेवटी, टाळ्यांच्या आधी, आवाज खाली आणून म्हणाले, “आता कुणी जाऊ नका. चहा आमच्या मंडळींनी केलाय. गोड जरा जास्तच झाला असेल. तिला सांगून उपयोग नाही. सांभाळून घ्या.”

आधी कुणी हसलं नाही. मग भाऊ हसले. मग साठच्या साठ.

विक्रांत नाही. बाहेर गाडीजवळ म्हणाला, आई, मी तुझ्यावर रागावलेला नाही. मला भीती वाटते. कमलाकरभाऊंच्या डोक्यात काच गेली असती तर? तू जिना चढत असताना फुटला असता तर? त्याचे ओठ पापड भाजल्या दिवशी झाले तसे झाले होते.

काल रेखा माझे कपडे घेऊन आली. तिने शेड उपसून बघितली, शेवटची बाटली सापडली नाही म्हणाली. मग माझ्या हॅंडबॅगेकडे बघून गप्प राहिली.

शनिवार, १५ सप्टेंबर. दुपारचे दोन.

विमान आता उतरलं असेल. गाडी डोंगर चढत असेल. तिकडे हौद धुऊन ठेवला असेल. माझं तिकीट रद्द झालं. नाव एकदा छापलं की खोडता येतं, हे मला माहीत नव्हतं.

रेखाबरोबर एलेनीला गुळाची भेली पाठवलीय. बाटली ती नेईना. म्हणाली, आई, विमानात? त्यात मला तिचं पटलं. एवढं एकच.

खोली बरी आहे. खिडकीतून बसगाड्या दिसतात. धम्मशीलाने भिंतीला अक्षरांचा तक्ता लावलाय. सोमवारपासून बसवणार म्हणाली. यावेळी सोमवार तिच्या ताब्यात आहे.

टेप थोडीच उरलीय. मी काल ऐकून मोजून ठेवलंय. पुढे ते चहाचं वाक्य आहे, त्याच्यावर बोलायचं नाही. बाकी सगळं भाषण मी पुसलं, तेवढं राहू दे.

बाटली इथेच वरच्या मजल्यावर आहे, बॉयलरच्या कपाटात, धम्मशीलाच्या चादरींमागे. पुढच्या वर्षासाठी. विक्रांत वर्षभरात निवळेल. यावेळी बूच मी फक्त तीन वेढ्यांनी बांधलंय. चुकांतून माणूस शिकतं.

टक् झालं.

पाइप असतील.

परत झालं. दोनदा. आणि तो सुसकारा.

धम्मशीला किचनमधून विचारतेय, आई, कसला आवाज? मी म्हटलं, काही नाही, बस गेली. कपाट तिच्या डोक्यावरच आहे. ती पोळ्या लाटतेय.

आता जाऊन बूच सोडावं लागेल. आजच, आत्ताच. मग यंदाची शेवटचीही गेली. गेली तर गेली. अगं धम्मशीला, तू आधी किचनमधून बाहेर ये. का ते विचारू नकोस. ये म्हणते ना.

बंद करते. नाहीतर चहा जाईल.